सोलापुरातल्या जुन्या ख्रिस्ती स्मशानभूमीत पणजोबांची कबर शोधायची आहे, सुरुवात कुठून करू?

फिटरचा_पणतू

जाणकारांकडून मार्गदर्शन हवं आहे. पणजोबा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत फिटर होते, नोव्हेंबर १९१८ मध्ये सोलापुरात वारले. बहुधा इन्फ्लुएंझाच्या साथीत. कुटुंब अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं, म्हणजे त्यांच्या चर्चचं सभासद. पणजी १९३४ मध्ये गेल्या आणि त्यांना पणजोबांच्या शेजारीच पुरलं, असं घरात सांगतात.

हाताशी दोन गोष्टी आहेत. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर शाईने लिहिलेली मृत्यूची तारीख, पण ती ११ की १९ हे कळत नाही. आणि १९६० च्या आसपासचा एक कृष्णधवल फोटो: बुटकी दगडी पाटी, मागे आवाराची भिंत, भिंतीच्या अलीकडे चिंचेचं झाड आणि लांब गिरणीची चिमणी. पाटीवरचं 'प्रभूमध्ये' एवढंच वाचता येतं.

कोणती स्मशानभूमी हे कसं ठरवायचं? नोंदवह्या कुणाकडे असतात? प्लॉट नंबर मिळालाच नाही तर जागेवर जाऊन काय करायचं? पाटी सापडली तर साफ कशाने करायची? पुण्याहून दोन दिवसांसाठी येणार आहे, म्हणून आधीच विचारतो.

---

दप्तरखाना

आधी तारखेचं. त्या पानावर किंवा घरातल्या जुन्या पत्रांत कुठे वार लिहिलाय का बघा. ११ नोव्हेंबर १९१८ ला सोमवार होता, १९ ला मंगळवार. तिथी दिली असेल तर त्याहून सोपं: त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा १८ च्या सुमारास होती, म्हणजे ११ तारीख शुद्ध पक्षात येते आणि १९ वद्य पक्षाच्या तोंडाशी. देवनागरी १ आणि ९ चा घोळ कागदावर होतो तसा दगडावरही होतो, कारण झिजते ती नेमकी शेपटी.

आता नोंदी. तुमच्या बाबतीत तीन दारं आहेत आणि मी ती याच क्रमाने ठोठावीन.

पहिलं दार मंडळीचं. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या पुढे युनायटेड चर्चमध्ये आणि १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या, त्यामुळे जुन्या वह्या असतील तर त्या मंडळीच्या पाळकांकडे किंवा सेक्रेटरींकडे. नुसती 'मृत्यूची वही' मागू नका. दफनाची वही, सभासदांचा पट, बाप्तिस्म्याची वही आणि स्मशानभूमीच्या वर्गणीचं पावती-पुस्तक अशी चारही मागा. दफनाची वही हरवलेली असते तेव्हा पटात नावापुढे 'मयत' आणि तारीख असा शेरा सापडतो. पावती-पुस्तक कुणी बघत नाही, पण पाटी बसवायची परवानगी आणि तिची फी बहुतेकदा तिथेच लिहिलेली असते. बायकांच्या नोंदी स्वतःच्या नावाने नसून 'अमुकची बायको' किंवा 'अमुकची आई' अशा असतात, तेव्हा पणजींची नोंद पणजोबांच्या किंवा मुलाच्या नावाखाली शोधा.

दुसरं दार महापालिकेचं. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका १९६४ ची. जुन्या मृत्यूनोंदी आरोग्य खात्याच्या जन्म-मृत्यू विभागात मागायच्या. १९६९ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार कुणालाही नोंद शोधून घ्यायचा आणि उतारा मागायचा हक्क आहे, शोध-फी भरावी लागते. त्याच कलमानुसार उताऱ्यात मृत्यूचं कारण देत नाहीत, म्हणून 'इन्फ्लुएंझा' असं छापून मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. अर्जात एकच तारीख लिहू नका. 'ऑक्टोबर १९१८ ते जानेवारी १९१९' असा पट्टा द्या, कारण साथीच्या काळात नोंदी तुंबायच्या आणि वहीतली तारीख मृत्यूची नसून खबर दिल्याची असू शकते. नोंद नाहीच मिळाली तर नमुना १० म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र मागा. कोणती वर्षं तपासली हे त्यावर येतं, पुन्हा तीच वर्षं शोधायला लावत नाहीत.

वह्या पेठवार असू शकतात. फिटर म्हणजे राहणं रेल्वे लाइन्स किंवा आसपास, तेव्हा आधी तो भाग, मग सदर बझार आणि लष्कर. वही मोडीत निघाली तर फोटो काढू देतात का विचारा आणि मोडी वाचणाऱ्याकडून नंतर वाचून घ्या, खिडकीशी उभं राहून ते होत नाही. आज शहरात असलेली बाळे, शेळगी, मजरेवाडी तेव्हा वेगळी गावं होती. मृत्यू तिकडे झाला असेल तर नगरपालिकेच्या वहीत काहीच नसणार. तिथे कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ पाहायचं, ते तहसीलच्या अभिलेख कक्षात.

तिसरं दार लंडनचं, पण ते तुमच्यासाठी अर्धवटच उघडं आहे. ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या चर्चनी पाठवलेल्या नोंदींची वार्षिक विवरणं (रिटर्न्स) 'एन/३' या मालिकेत १९४८ पर्यंत आहेत. त्यात दफनं आहेत, पण मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसांची. मिशनच्या मराठी सभासदांचं दफन तिथे सापडेलच असं नाही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरची भारतातल्या मृत्यू-दफनांची सूची आणि फिबिसचा (ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्या संस्थेचा) डेटाबेस फुकट बघता येतात, तेवढं घरबसल्या करून टाका. शोधताना सोलापूरचं जुनं स्पेलिंग वापरा, 'एस-एच-ओ'ने सुरू होणारं, नाहीतर शून्य निकाल येतो. मिशनची मूळ कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत. पणजोबा मंडळीचे वडील (एल्डर) किंवा मिशनशाळेचे मास्तर वगैरे असते तर तिकडे वळा म्हटलं असतं. फिटरसाठी तो खटाटोप नको.

कोणती स्मशानभूमी, याचं उत्तर सिटी सर्व्हेच्या जुन्या नकाशात आहे. नगर भूमापन कार्यालयात शहराची जुनी शीट बघायला मिळते. स्मशानभूमीचं मूळ आवार केवढं होतं, कोणत्या बाजूने रस्त्यात गेलं, मालमत्ता पत्रकावर कोणत्या पंथाचं किंवा ट्रस्टचं नाव आहे, हे त्यावरून कळतं. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक आवारं वेगळी असतात किंवा एकाच आवारात मधे वाट असते, त्यामुळे नुसतं 'ख्रिश्चन स्मशान' विचारत गेलात तर रिक्षावाला भलत्याच फाटकाशी उतरवेल.

---

काळा_पाषाण

दप्तरखान्याने कागद सांगितले, मी जमीन सांगतो.

जागेवर गेल्यावर पणजोबांची कबर शोधू नका. १९१८ ची रांग शोधा. दफनं साधारण तारखेच्या ओळीने होत जातात, म्हणून आजूबाजूचे दगड तुम्हाला तुमच्या जागेपर्यंत आणून सोडतात. पहिल्या तासात एकही नाव वाचायचं नाही. वहीवर आवाराचा कच्चा आराखडा काढा, वाचता येईल त्या प्रत्येक दगडाच्या जागी फक्त साल लिहा. चाळीस-पन्नास सालं लिहून झाली की आवार कोणत्या दिशेने भरत गेलं ते दिसायला लागतं. मग ऑक्टोबर १९१८ च्या आधीचा शेवटचा दगड आणि १९१९ चा पहिला दगड यांच्या मधली पट्टी तुमची.

ओळ मोडते कशाने, तर राखून ठेवलेल्या कौटुंबिक जागांनी, मुलांच्या वेगळ्या रांगांनी आणि मागाहून भरलेल्या मोकळ्या फटींनी. १९१५ च्या शेजारी १९५२ दिसलं तर गोंधळू नका, ती फट नंतर भरलेली आहे.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज वेगळाच आहे. साथीत गेलेल्यांना त्या महिन्यांत दगड बसवायला ना माणूस होता ना पैसा. फोटोतली पाटी बहुधा पुढे बसवली, आणि १९३४ मध्ये पणजी गेल्या तेव्हा दोघांची मिळून एकच बसवली असणं फार शक्य आहे. म्हणजे १९१८ इतकंच १९३४ शोधा. वह्यांतही १९३४ आधी बघा. शांत वर्षातली नोंद सावकाश लिहिलेली असते, आणि 'नवऱ्याच्या शेजारी' असा शेरा मिळाला तर दोन्ही कामं होतात. मात्र शेजारची जागा राखलेली असेल तर पणजी १९३४ च्या रांगेत नसून १९१८ च्या रांगेतच सापडतील.

ख्रिस्ती कबरीत डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला ही जुनी रीत. पाटी डोक्याशी, म्हणजे पश्चिम टोकाला. अक्षरं मात्र कुठल्या तोंडाला आहेत याचा नेम नाही, दगडाला वळसा घालून दोन्ही बाजू बघायच्या.

पाटीच नसेल तर जमीन वाचा. सोलापुरात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. खड्डा खोल गेला की मुरूम वर येतो आणि भरताना काळ्या मातीत मिसळतो. त्यामुळे मोठ्या माणसाच्या कबरीवर साधारण साडेसहा-सात फूट लांब आणि अडीच-तीन फूट रुंद असा तांबूस-पिवळट, खड्यांचा पट्टा कधी कधी दिसतो. पहिल्या जोराच्या पावसानंतर खचलेल्या जागी त्याच मापाचं पाणी साचतं. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला भेगा पडतात, तेव्हा हे काहीच उमजत नाही, शिवाय उन्हात तिथे उभं राहवत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत या: गवत वाळून बसलेलं असतं आणि दगडावर ऊन तिरपं पडतं.

सामान: तीस मीटरची टेप, वही, चामडी हातमोजे, जाड तळाचे बूट (वेड्या बाभळीचा काटा चपलेतून सरळ आरपार जातो), फांद्या छाटायची कात्री, काठी, टॉर्च, फूटभर आरसा, पाण्याचा फवारा आणि पाच लिटर पाणी. काठी आपटत चाला. दगडांच्या फटीत आणि पाचोळ्यात घोणस, फुरसं असू शकतं. उघड्या हाताने पाला उचलायचा नाही.

एक कडक सूचना: सळई खुपसून किंवा उकरून बघायचं नाही. स्मशानभूमीच्या कमिटीची लेखी परवानगी आणि त्यांचा माणूस सोबत असल्याशिवाय तर नाहीच. दफनभूमीत घुसखोरी किंवा विटंबना हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खालचा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी सळईखाली दुसऱ्या कुणाचा तरी पणजोबा असतो.

सापडल्यावर नुसतं मोबाइलचं लोकेशन घेऊन परत जाऊ नका. मोबाइल चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, तेवढ्यात दोन-तीन कबरी बसतात. दोन पक्के बिंदू धरा, समजा फाटकाचा दगडी खांब आणि भिंतीचा कोपरा. दोन्हींपासून पाटीपर्यंत टेपने अंतर मोजा आणि कबर त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेच्या कोणत्या अंगाला आहे ते लिहा. पुढच्या पिढीतलं कुणीही त्या दोन आकड्यांवरून नेमकं तिथेच पोहोचेल.

---

पेठेतला_पक्या

पाटी वाचायला सोपा उपाय: मैदा किंवा खडूची पूड चोळा, वरची झटका, अक्षरं पांढरी उठून दिसतात. फोटो झकास येतो.

---

काळा_पाषाण

नका करू. मैदा दगडाच्या छिद्रांत बसतो, ओल आली की त्यावर बुरशी धरते. खडू चोळताना झिजलेली कड आणखी झिजते, आणि शहाबादीसारख्या पापुद्रे सुटणाऱ्या फरशीवर तर अक्षरासकट पापुद्रा हातात येतो. वायर ब्रश, ॲसिड, ब्लीच यांचंही नाव काढू नका. संगमरवर आणि शहाबादी दोन्ही चुन्याचे दगड, ॲसिड पडलं की फसफसून वरचा थर जातो आणि जाताना अक्षरं घेऊन जातो. काळ्या दगडाला ॲसिड तितकं लागत नाही, पण शेजारच्या संगमरवरी पाटीवर ओघळ गेलाच.

पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश पुरे. दगड आधी भिजवायचा, खालून वर घासायचं, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ पडत नाहीत. शेवाळ्याचे चिवट ठिपके राहिले तर राहू द्या.

वाचायचं ते उजेडाने. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. नाहीतर पाटीवर सावली करा आणि आरशाने ऊन बाजूने, पाटीला जवळजवळ घासून जाईल असं टाका. टॉर्चही तसाच, दगडाच्या कडेला टेकवून. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं. एकाच कोनात कॅमेरा ठेवून उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून असे तीन-चार फोटो घ्या. डावीकडच्या उजेडात उभ्या रेघा दिसतात, वरच्या उजेडात शिरोरेखा आणि मात्रा. काळ्या दगडावर पाणी फवारून दोन मिनिटं थांबा. पृष्ठभाग आधी वाळतो, खोदलेली खाच ओली राहते, तेवढ्या वेळात वाचून घ्यायचं.

संगमरवरी पाटीवर नुसती बारीक भोकं दिसली तर ती शिशाच्या अक्षरांची आहेत. शिसं गळून गेलं तरी ते धरायला पाडलेली भोकं राहतात आणि प्रत्येक अक्षराची मांडणी ठरलेली असते. शाबूत राहिलेल्या एखाद्या अक्षराची भोकं कागदावर उतरवा, तशीच मांडणी बाकी ओळीत शोधा. किचकट आहे, पण आडनाव निघतं.

वयाबद्दल एक: 'वय ४२ वर्षे' आणि '४२ व्या वर्षी' यांत एक वर्षाचा फरक आहे, जन्मसाल काढताना तो धरा.

---

अक्कलकोट_रोड

थोडं विषयांतर, पण विचारतोच. हीच पद्धत कब्रस्तानात चालेल का? आणि आमच्या आईकडचे लिंगायत, त्यांचं दफन रुद्रभूमीत झालेलं. तिथे तर पाट्याच नाहीत.

---

सनावळी

कब्रस्तानात रांगेची युक्ती कमी चालते. बहुतेक कबरी कच्च्या असतात आणि काही वर्षांनी त्याच जागी दुसरं दफन होतं. त्यामुळे जमिनीपेक्षा माणसं आणि वह्या महत्त्वाच्या: जमातीची वही, मुतवल्लींकडचे (वक्फच्या व्यवस्थापकांकडचे) कागद आणि कबर खोदणाऱ्या घराण्याची आठवण. कोणत्या घराण्याच्या कबरी कोणत्या झाडाखाली, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. वक्फच्या नोंदीत आवाराच्या सीमा आणि मुतवल्लीचं नाव मिळतं, कबरींची यादी मिळत नाही. आपल्याकडे किब्ला (मक्केची दिशा) पश्चिमेला, म्हणून डोकं उत्तरेला असतं. लेख असलेला दगड उत्तर टोकाला बघा.

तारखांचा हिशेब असा. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास येतो. १३३७ हिजरी ऑक्टोबर १९१८ मध्ये सुरू झालं. हिजरी वर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणून 'उर्सची तारीख दरवर्षी तीच' असं धरून इंग्रजी महिना काढू नका. सोलापूरला लागूनच निजामाची हद्द होती. तुळजापूर, नळदुर्गकडून आलेल्या घरांच्या कागदांवर फसली (महसुली) साल सापडतं, त्यात ५९० मिळवा, महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो. १३२८ फसली आणि १३३७ हिजरी दोन्ही १९१८ च्या आसपासची, आणि नुसता आकडा पाहून लोक इथेच नऊ वर्षांनी चुकतात. शके असेल तर ७८ मिळवा. फारसी-उर्दू लेखात शेवटची ओळ पद्यात असेल आणि साल कुठेच नसेल, तर त्या ओळीच्या अक्षरांच्या अबजद किमतींची (प्रत्येक अरबी अक्षराला ठरलेल्या आकड्यांची) बेरीज करून बघा, साल त्यात दडवलेलं असतं.

रुद्रभूमीबद्दल: लिंगायतांत देह बसवून पुरतात, त्यामुळे खड्डा लांबट नसतो आणि सात फुटांचा पट्टा शोधत बसलात तर काहीच दिसणार नाही. खूण असेल तर चौथरा, त्यावर लिंग किंवा नंदी. ते नसेल तर मठात विचारा, विधी करणाऱ्या जंगमांच्या घरी विचारा. आणि हेळव्यांना विसरू नका. सीमाभागातल्या कित्येक लिंगायत घराण्यांची वंशावळ हेळव्यांच्या चोपड्यांत असते. सुगीनंतर ते गावोगाव फिरतात, तुमच्या मूळ गावातल्या भावकीला विचारलं तर आपला हेळवी कोण ते सांगतील. चोपडीत समाधीची जागा नसेलही, पण कोण कुठल्या गावी गेलं हे मिळतं, आणि शोध सोलापुरात करायचा की मूळ गावी हा प्रश्न तिथेच सुटतो.

---

फिटरचा_पणतू

सर्वांचे मनापासून आभार. १९३४ चा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. फोटोचा जागा शोधायला काही उपयोग होईल का? चिमणी आता तिथे नसावी.

---

दप्तरखाना

फोटो तर तुमचा हुकमाचा पत्ता आहे. आधी तो उलटा छापलेला नाही ना बघा. 'प्रभूमध्ये' सरळ वाचता येतंय, म्हणजे नाही.

फोटोत चिमणी, चिंच आणि भिंतीवरची एखादी खूण, खांब म्हणा किंवा उंचीतली पायरी, यांची एकमेकांशी जागा बघा. चिमणी भिंतीच्या कोणत्या खांबाच्या डोक्यावर दिसते? ती एक रेषा झाली. चिमणी पाडली असली तरी गिरणीचं आवार जुन्या सिटी सर्व्हे शीटवर आहे, बॉयलर-घर कुठे होतं ते गिरणीत काम केलेली माणसं सांगतात. नकाशावर चिमणीपासून त्या खांबातून रेघ ओढा आणि स्मशानभूमीच्या आत वाढवा. फोटो काढणारा त्या रेघेवर कुठेतरी उभा होता. चिंच असेल, आणि चिंच साठ-सत्तर वर्षांत सहसा कुठे जात नाही, तर तिच्या बुंध्यातून आणि मागच्या भिंतीवरच्या खुणेतून दुसरी रेघ काढा. दोन्ही छेदतात तिथे कॅमेरा होता, पाटी त्याच्या चार-सहा पावलं पुढे.

भिंतीला नंतर एक-दोन थर चढलेले असू शकतात, म्हणून उंचीवर विसंबू नका, खांबांची संख्या मोजा. आणि तेव्हाचा बॉक्स कॅमेरा पोटाशी धरून फोटो काढत. मोबाइल डोळ्यासमोर धरलात तर भिंत आणि पाटी यांचा मेळ बसणार नाही. कंबरेच्या उंचीवर धरा, मग पाऊल पाऊल सरकत जुन्या फोटोशी जुळवा. जवळचा खांब आणि मागची दूरची वस्तू यांच्यातली फट दोन फूट सरकलात तरी बदलते, तीच तुमची मोजपट्टी.

---

काळा_पाषाण

पाटी पडलेली सापडली तर तिथल्या तिथे सिमेंटमध्ये उभी करायला जाऊ नका. लेख वर येईल अशी ठेवा, फोटो आणि दोन मापं घेऊन सेक्रेटरींना लेखी कळवा. पुन्हा बसवायची परवानगी मागताना नातं दाखवणारा एक कागद जोडा, बाप्तिस्म्याची किंवा लग्नाची नोंद चालते, आणि फीची पावती जपून ठेवा.

बसवताना मिस्त्रीला एकच गोष्ट निक्षून सांगा: काळ्या मातीवर थेट काँक्रीट ओतायचं नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन-तीन वर्षांत पाटी पुन्हा कलते. आवारातल्या निम्म्या पाट्या त्यामुळेच कललेल्या दिसतील. पाटीच्या पायापुरती दीड-दोन फूट काळी माती काढायची, त्यात मुरूम थराथराने पाणी मारून धुमसायचा, वर चार इंची काँक्रीट आणि त्यावर पाटी. हा पाया डोक्याच्या टोकाबाहेर, कबरीच्या खड्ड्याला न लागता घ्यायचा आणि खोदताना कमिटीचा माणूस उभा असायला हवा. जुनी पाटी चुन्यात बसवलेली असेल तर चुनाच वापरा. सिमेंट दगडापेक्षा कडक होतं, मग तडा सांध्यात न जाता दगडात जातो.